बीएसटीमध्ये दोन नोडचा सर्वांत जवळचा सामायिक पूर्वज: पद्धत, कोड आणि हमखास होणाऱ्या चुका

बायनरी सर्च ट्री (बीएसटी) दिला आहे, त्यातले दोन नोड (ट्रीमधले किमती धरून ठेवणारे बिंदू) दिले आहेत, त्यांचा सर्वांत खालचा सामायिक पूर्वज शोधा. सेकंड इयरच्या डेटा स्ट्रक्चर्सच्या प्रॅक्टिकलपासून ऐरोली-महापेच्या आयटी पार्कांमधल्या मुलाखतींपर्यंत हा प्रश्न सतत भेटतो. बोलताना सगळे त्याला एलसीए (लोएस्ट कॉमन अॅन्सेस्टर) म्हणतात, आपणही तेच म्हणू. कोडिंगच्या सरावाच्या लीटकोड या साइटवर हा २३५ क्रमांकाचा प्रश्न आहे आणि त्याच्या लगेच पुढचा, २३६ क्रमांकाचा, साध्या बायनरी ट्रीसाठी आहे. गल्लत इथूनच सुरू होते. पुष्कळ मुलं २३६ची पद्धत पाठ करून येतात: डावीकडे शोध, उजवीकडे शोध, दोन्हीकडून काही हाती आलं तर हाच नोड उत्तर. तीच बीएसटीवर चालवली तर उत्तर बरोबर येतं, पण त्यासाठी सगळा ट्री पालथा घातलेला असतो. बीएसटीत कुठे वळायचं हे नोडमधली किंमतच सांगते: तिच्यापेक्षा लहान किमती डावीकडे, मोठ्या उजवीकडे. एकच वाट धरून खाली उतरायचं आणि योग्य जागी थांबायचं, एवढंच काम आहे.

मूळ कोड दहा-बारा ओळींचा आहे. खरा वेळ जातो तो कडेच्या गोष्टींवर: दोनपैकी एक नोड ट्रीमध्ये नसेल तर, किंमत दोनदा आली तर, तुलना चुकीच्या प्रकारच्या डेटावर झाली तर. म्हणून या लेखात मूळ पद्धत आधी पक्की करू आणि मग या चुकांवर सावकाश बोलू.

हातात एक ट्री घ्या

एक ते दहा आकड्यांचा ट्री काढला की उत्तर नुसतं बघून कळतं आणि पद्धत डोक्यात बसत नाही. त्यापेक्षा आपल्याच भागातले पिनकोड घेऊ. ठाणे आणि नवी मुंबईतले बरेच पिनकोड ४०० ने सुरू होतात, त्यामुळे सध्या फक्त शेवटचे तीन आकडे लिहू. (हे तीनच आकडे घेणं कुठे अंगाशी येतं ते पुढे येईल.)

खालच्या क्रमाने एकेक किंमत ट्रीमध्ये घाला:

७०१ घणसोली, ६०४ वागळे इस्टेट, ७०६ नेरूळ, ६०२ नौपाडा, ६१२ मुंब्रा, ७०३ वाशी, ७०९ कोपरखैरणे, ६०१ ठाणे, ६०३ कोपरी, ६०५ कळवा, ६१४ बेलापूर, ७०५ सानपाडा, ७०८ ऐरोली.

नियम नेहमीचाच. नवी किंमत नोडपेक्षा लहान असेल तर डावीकडे, मोठी असेल तर उजवीकडे, रिकामी जागा मिळेपर्यंत. कागदावर खरंच करून बघा, कारण पुढची सगळी उदाहरणं याच आकृतीवर आहेत.

```
                    ७०१
             /               \
          ६०४                 ७०६
        /     \             /     \
     ६०२      ६१२        ७०३       ७०९
     /  \     /  \          \      /
  ६०१  ६०३  ६०५  ६१४        ७०५  ७०८
```

तुमची आकृती वेगळी आली असेल तर बहुधा ७०५ किंवा ७०८ चुकलं असेल. ७०५ हे ७०१च्या उजवीकडे, ७०६च्या डावीकडे आणि ७०३च्या उजवीकडे जातं. ७०८ हे ७०६च्या उजवीकडे आणि ७०९च्या डावीकडे.

पूर्वज म्हणजे नेमकं कोण

एखाद्या नोडपासून वर रूटपर्यंत, म्हणजे ट्रीच्या सर्वांत वरच्या नोडपर्यंत, जाताना जे जे नोड लागतात ते त्याचे पूर्वज. यात एक तरतूद आहे आणि तीच अनेकांच्या नजरेतून सुटते: नोड स्वतःचाही पूर्वज धरला जातो. म्हणजे ७०३ आणि ७०५ यांचा एलसीए ७०३ आहे, ७०६ नाही. घरातल्या नात्यांचा विचार केला तर हे विचित्र वाटेल, पण व्याख्या अशीच आहे आणि कोडही तिच्यामुळेच सोपा होतो.

६०३ आणि ६१४ घ्या. ६०३चे पूर्वज: ६०३, ६०२, ६०४, ७०१. ६१४चे पूर्वज: ६१४, ६१२, ६०४, ७०१. दोन्हीकडे आहेत ते ६०४ आणि ७०१. त्यातला खालचा ६०४, तोच एलसीए.

नियम आणि तो का चालतो

दोन किमतींपैकी लहान आणि मोठी कोणती ते आधी ठरवा. रूटपासून खाली उतरायला लागा. प्रत्येक नोडवर तीनच शक्यता असतात.

१. मोठी किंमतसुद्धा नोडपेक्षा लहान आहे. मग दोन्ही नोड डाव्या बाजूलाच आहेत, डावीकडे उतरा.

२. लहान किंमतसुद्धा नोडपेक्षा मोठी आहे. मग दोन्ही उजवीकडे आहेत, उजवीकडे उतरा.

३. वरचं काहीच खरं नाही. म्हणजे नोडची किंमत दोघांच्या मधोमध आहे किंवा दोघांपैकी एकाच्या बरोबरीची आहे. थांबा, हेच उत्तर.

ठाण्याहून ट्रान्स-हार्बरची वाशी लोकल आणि पनवेल लोकल निघतात तेव्हा ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भेपर्यंत वाट एकच असते. तुर्भ्यानंतर एक सानपाड्याकडे वळते, दुसरी जुईनगरकडे. दोन्ही गाड्यांना सामायिक असलेलं शेवटचं स्टेशन तुर्भे. रूटपासून दोन नोडकडे जाणाऱ्या वाटांचंही तसंच आहे, एलसीए म्हणजे फाटा फुटण्याआधीचा शेवटचा नोड.

पहिल्या दोन शक्यतांमध्ये खाली उतरताना आपण काही गमावत नाही. दोन्ही नोड डाव्या उपवृक्षात असतील तर डावा मूल-नोडही दोघांचा पूर्वज आहे, आणि तो आत्ताच्या नोडपेक्षा खाली आहे. म्हणून आत्ताचा नोड सर्वांत खालचा असूच शकत नाही. तिसऱ्या शक्यतेत एक नोड डावीकडे आणि दुसरा उजवीकडे आहे, किंवा आपण त्यातल्याच एकावर उभे आहोत. कुठल्याही बाजूला आणखी एक पायरी उतरलो तर दोघांपैकी एक तरी हातातून निसटतो. म्हणजे याच्या खाली दोघांचा सामायिक पूर्वज नाही.

हेच दुसऱ्या शब्दांत सांगायचं तर रूटकडून येताना ज्याची किंमत लहान आणि मोठी यांच्या दरम्यान, दोन्ही टोकं धरून, पडते असा पहिला नोड म्हणजे एलसीए. हे वाक्य डोक्यात असलं की कोड पाठ करावा लागत नाही.

आता आकृतीवर चालवून बघा.

६०५ आणि ६१४: ७०१वर दोन्ही लहान, डावीकडे. ६०४वर दोन्ही मोठे, उजवीकडे. ६१२ हे ६०५ आणि ६१४च्या मध्ये आहे, उत्तर ६१२.

७०५ आणि ७०८: ७०१वर दोन्ही मोठे. ७०६ मध्ये आलं, उत्तर ७०६.

७०३ आणि ७०५: ७०१वर उजवीकडे, ७०६वर डावीकडे, ७०३वर बरोबरी. थांबा. उत्तर ७०३.

६०१ आणि ७०९: रूटवरच फाटा. उत्तर ७०१, एकही पायरी न उतरता.

कोड

कुठल्याही भाषेत उतरवता येईल असा आराखडा देत आहोत. 'रिकामा' म्हणजे नल किंवा नन, जे तुमच्या भाषेत असेल ते.

```
कार्य एलसीए(मूळ, प, फ):
    लहान = प आणि फ यांतली लहान किंमत
    मोठी = प आणि फ यांतली मोठी किंमत
    नोड = मूळ
    जोपर्यंत नोड रिकामा नाही:
        जर मोठी < नोड.किंमत:
            नोड = नोड.डावा
        नाहीतर जर लहान > नोड.किंमत:
            नोड = नोड.उजवा
        नाहीतर:
            परत दे नोड
    परत दे रिकामा
```

लहान-मोठी आधीच ठरवून ठेवल्यामुळे प्रत्येक नोडवर एकेका बाजूसाठी दोनऐवजी एकच तुलना पुरते, आणि 'प मोठा की फ मोठा' हा प्रश्न लूपच्या आत येतच नाही. ही ओळ गाळून 'प डावीकडे आणि फ उजवीकडे असेल तर थांब' असं लिहिणाऱ्यांचा कोड एलसीए(६०३, ६१४) ला चालतो आणि एलसीए(६१४, ६०३) ला फसतो. चाचणीत कुणी उलटा क्रम देईपर्यंत ते लक्षातही येत नाही.

दुसरी सवय 'पेक्षा मोठी' या चिन्हाची. तिथे 'मोठी किंवा समान' लिहिलं की ७०३ आणि ७०५ ची जोडी मोडते. ७०३वर पोचल्यावर लहान किंमत ७०३ ही नोडच्या बरोबरीची आहे; समान चालतं म्हटलं तर कोड उजवीकडे उतरतो आणि ७०५ हे उत्तर देतो. ७०५ हा ७०३चा पूर्वज नाही. तुलना काटेकोर ठेवा, बरोबरीची सगळी प्रकरणं शेवटच्या 'नाहीतर'मध्येच पडू द्या.

रिकर्शनने (कार्याने स्वतःलाच पुन्हा बोलावून) हेच तीन ओळींत बसतं आणि फळ्यावर छान दिसतं. तरी लूपच लिहा असं आमचं स्पष्ट मत आहे. रिकर्शनची खोली ट्रीच्या उंचीइतकी होते. पायथनची ठरलेली मर्यादा १००० आहे, आणि पायथन किंवा जावा शेवटच्या कॉलचं आपोआप लूपमध्ये रूपांतर करत नाहीत. लीटकोडच्या प्रश्नात एक लाखापर्यंत नोड असू शकतात आणि ट्री समतोल असेलच असं कुठे म्हटलेलं नाही. लूपला या कशाचीच फिकीर नाही. ट्री कितीही खोल असला तरी जास्तीची जागा तेवढीच लागते.

नोड ट्रीमध्ये नसेल तर

सगळ्यांत जास्त नुकसान करणारी चूक हीच, कारण ती गुपचूप होते. वरचा कोड दोन्ही किमती ट्रीमध्ये आहेत असं गृहीत धरतो. लीटकोडच्या प्रश्नात तशी हमी दिलेली असते, कामाच्या ठिकाणी ती कुणी देत नाही.

आपल्या आकृतीत ६०७ नाही. एलसीए(६०७, ६१४) चालवा. ७०१वरून डावीकडे, ६०४वरून उजवीकडे, ६१२ हे ६०७ आणि ६१४च्या मध्ये, उत्तर ६१२. नसलेल्या नोडचा पूर्वज कोडने अगदी आत्मविश्वासाने सांगितला. आता एलसीए(६०६, ६११) चालवा, यात दोन्ही किमती नाहीत. ७०१, ६०४, मग ६१२वर दोन्ही लहान म्हणून डावीकडे, ६०५वर दोन्ही मोठ्या म्हणून उजवीकडे, तिथे रिकामं. उत्तर रिकामा. म्हणजे चुकीच्या इनपुटला कधी चुकीचं उत्तर आणि कधी रिकामं उत्तर. ज्याने 'रिकामा आला की नोड नाही' असं समजून पुढचा कोड लिहिला, त्याचा घात पहिल्या प्रकारात होतो.

उपाय सोपा आहे. एलसीए मिळाल्यावर तिथून खाली दोन्ही किमती शोधून बघा.

```
कार्य आहे_का(नोड, किंमत):
    जोपर्यंत नोड रिकामा नाही:
        जर किंमत < नोड.किंमत: नोड = नोड.डावा
        नाहीतर जर किंमत > नोड.किंमत: नोड = नोड.उजवा
        नाहीतर: परत दे खरं
    परत दे खोटं

कार्य खात्रीचा_एलसीए(मूळ, प, फ):
    उत्तर = एलसीए(मूळ, प, फ)
    जर उत्तर रिकामा असेल: परत दे रिकामा
    जर आहे_का(उत्तर, प) आणि आहे_का(उत्तर, फ): परत दे उत्तर
    परत दे रिकामा
```

शोध रूटपासून सुरू करायची गरज नाही. रूटपासून एलसीएपर्यंतची वाट दोघांना सामायिकच होती, ती पुन्हा चालणं फुकट. अशा रीतीने एकूण पायऱ्या फार तर उंचीच्या दुपटीइतक्या होतात.

एकच किंमत दोनदा

एकाच पिनकोडखाली अनेक पोस्ट ऑफिसं येतात, त्यामुळे खऱ्या डेटात पुनरावृत्ती ठरलेलीच. बरेच जण 'समान आली तर उजवीकडे टाक' असा नियम करतात. घालताना आणि शोधताना तो निभावतो, एलसीएला निभावत नाही.

आकृतीत आणखी एक ६१२ घाला. ते ७०१च्या डावीकडे, ६०४च्या उजवीकडे, जुन्या ६१२च्या उजवीकडे आणि ६१४च्या डावीकडे जाऊन बसेल. आता या नव्या ६१२चा आणि ६१४चा एलसीए काय? नवा ६१२ हा ६१४च्या खाली आहे, म्हणून उत्तर ६१४. आपला कोड मात्र वाटेत जुना ६१२ लागताच थांबतो, कारण ६१२ ही किंमत ६१२ ते ६१४ च्या दरम्यान बसते. किमतीवरून नोड ओळखायचा ठरवला तर हे दोन ६१२ वेगळे आहेत हे कोडला कळायला वावच नाही.

दोन मार्ग आहेत. प्रत्येक नोडमध्ये एक मोजणी ठेवा आणि तीच किंमत पुन्हा आली तर नवा नोड न करता मोजणी वाढवा. किंवा किल्ली (जिच्यावरून तुलना होते ती किंमत) जोडीची करा, पिनकोड आणि अनुक्रमांक: (६१२, १), (६१२, २), (६१४, १). तुलना आधी पिनकोडची, तो समान असेल तर अनुक्रमांकाची. मग कुठलीच किल्ली दोनदा येत नाही आणि मूळ कोड जसाच्या तसा चालतो: (६१२, १)वर दोन्ही मोठ्या, उजवीकडे, (६१४, १)वर बरोबरी, उत्तर बरोबर. प्रत्येक पोस्ट ऑफिसची स्वतंत्र नोंद हवी असेल तर दुसरा मार्ग घ्या, नुसती संख्या हवी असेल तर पहिला.

तुलनेतले घोळ

जावात नोडची किंमत इंटिजर या वस्तुरूप प्रकारात ठेवली आणि दोन किमती दुहेरी बरोबर-चिन्हाने तपासल्या, तर किमती नाही तर संदर्भ तपासले जातात. −१२८ ते १२७ या टप्प्यातल्या वस्तू जावा साठवून ठेवते, म्हणून लहान आकड्यांच्या चाचण्या पास होतात. ६०१ किंवा ४००६०१ आलं की तीच तपासणी खोटी ठरते. वरच्या कोडमध्ये बरोबरी कुठेच तपासलेली नाही, फक्त लहान-मोठं आहे, आणि ते जावा किंमत उलगडूनच बघते. बरोबरी लागलीच तर ईक्वल्स वापरा किंवा साध्या इंटमध्ये किंमत काढून घ्या.

गुणाकाराची युक्तीही फार फिरते: (नोड − प) × (नोड − फ) शून्यापेक्षा मोठा असेल तर दोघं एकाच बाजूला. दिसायला आटोपशीर आहे. लीटकोडच्या मर्यादेप्रमाणे किमती उणे १०० कोटी ते अधिक १०० कोटी असतात, म्हणजे फरक २०० कोटींपर्यंत जातो. ३२ बिटांच्या इंटची मर्यादा २,१४,७४,८३,६४७ आहे, त्यामुळे फरक कसाबसा मावतो, पण गुणाकार ओसंडतो आणि चिन्ह उलटू शकतं. ६४ बिटांत गुणाकार मावतो, पण केवळ एक ओळ वाचवण्यासाठी हा धोका का घ्यायचा? साध्या तुलनेत ओव्हरफ्लो होतच नाही.

पिनकोड फाइलमधून मजकूर म्हणून वाचले आणि तसेच ट्रीत टाकले तर? सगळे सहा आकडी असतील तोवर मजकुराचा आणि आकड्यांचा क्रम एकच येतो. फ्लॅट नंबर, टोकन नंबर अशा कमी-जास्त लांबीच्या आकड्यांना मात्र मजकूर म्हणून '१०' हे '९'च्या आधी येतं. आणि काही किमती मजकूर, काही आकडे अशी सरमिसळ झाली तर पायथन थेट चूक दाखवतो, काही भाषा मुकाट्याने रूपांतर करून भलतंच उत्तर देतात. फाइल वाचतानाच आकड्यात बदलून घ्या.

आता आपण सुरुवातीला घेतलेल्या तीन आकड्यांकडे. खारघर ४१०२१० आणि पनवेल ४१०२०६ या ट्रीत घालायचे ठरले तर शेवटचे तीन आकडे २१० आणि २०६ होतात आणि दोन्ही ठाण्याच्याही डावीकडे जाऊन बसतात. पूर्ण पिनकोडने बघितलं तर त्यांची जागा सगळ्यांत उजवीकडे आहे. किल्ली छाटताना काय गळतंय ते बघूनच छाटा.

हा खरंच बीएसटी आहे का

उत्तर चुकतंय आणि कोडमध्ये दोष सापडत नाही, अशा वेळी ट्रीच तपासा. समजा कुणीतरी ६१४च्या नोडमधली किंमत थेट बदलून ७१४ केली. आई-मूल तपासणी बिनघोर पास होते, कारण ७१४ हे ६१२पेक्षा मोठं आहे आणि त्याच्या उजवीकडे आहे. पण ते ७०१च्या डाव्या उपवृक्षात आहे, तिथे त्याला जागा नाही. आता एलसीए(६०५, ७१४) मागितला तर कोड रूटवरच थांबतो, कारण ७०१ मध्ये पडतं. आकृतीप्रमाणे खरं उत्तर ६१२ आहे.

त्यामुळे फक्त आई-मुलाची तुलना पुरत नाही. इन-ऑर्डर क्रमाने (आधी डावा उपवृक्ष, मग नोड, मग उजवा उपवृक्ष) किमती छापा, प्रत्येक किंमत आधीच्यापेक्षा मोठी हवी. आपल्या बिघडलेल्या ट्रीत ७१४ नंतर ७०१ छापलं जाईल आणि दोष लगेच उघडा पडेल. आणि नोडमधली किंमत कधीही जागच्या जागी बदलू नका. जुनी काढा, नवी घाला.

वेळ किती लागतो

पायऱ्या ट्रीच्या उंचीइतक्या, आणि उंची घालण्याच्या क्रमावर अवलंबून. एक लाख किमती अगदी समतोल बसल्या तर १७ पातळ्या होतात. स्वतःचा समतोल राखणाऱ्या ट्रींपैकी एव्हीएल ट्रीत (१९६२ साली अदेल्सन-वेल्स्की आणि लँडिस यांनी मांडलेला) एक लाख नोडना फार तर २३ पातळ्या, रेड-ब्लॅक ट्रीत फार तर ३३. पिनकोडची यादी चढत्या क्रमाने लावून साध्या बीएसटीत घातली तर मात्र सगळे नोड एकाखाली एक उजवीकडे लटकतात आणि एका एलसीएसाठी एक लाखाच्या घरात पायऱ्या होऊ शकतात. तो ट्री बांधतानाच जवळपास ५०० कोटी तुलना झालेल्या असतात. क्रमवार यादी हाताशी असेल तर मधली किंमत रूटला ठेवून दोन्ही अर्ध्या भागांवर तेच करत ट्री बांधा.

समतोल ट्रीत एक गोष्ट जपावी लागते. समतोल राखण्यासाठी रोटेशन झालं की नोडची वर-खाली अदलाबदल होते, आणि त्याच दोन किमतींचा एलसीए बदलू शकतो. एलसीए हा त्या दोन किमतींचा गुण नाही, त्या क्षणीच्या आकाराचा आहे. म्हणून उत्तरं साठवून ठेवायची असतील तर प्रत्येक घालण्या-काढण्यानंतर ती रद्द करा.

सी-प्लस-प्लसचा मॅप किंवा जावाचा ट्रीमॅप वापरून हे करता येईल का, असंही विचारलं जातं. ट्रीमॅप आतून रेड-ब्लॅक ट्रीच आहे आणि मॅपही बहुधा तसाच बांधलेला असतो, पण आतले नोड बाहेरून हाती लागत नाहीत. ट्री स्वतःच लिहावा लागतो.

चाचणी: घालण्याचा क्रमच साक्षीदार

या प्रश्नाची चाचणी करायला एक फार सुंदर गुणधर्म उपयोगी पडतो, आणि तो वर्गात क्वचितच सांगितला जातो. रोटेशन नसलेल्या, काहीही न काढलेल्या साध्या बीएसटीत प ते फ या दरम्यानच्या किमतींपैकी जी सर्वांत आधी घातली गेली, तीच एलसीए.

६०३ आणि ६१४ यांच्या दरम्यान आकृतीत ६०३, ६०४, ६०५, ६१२, ६१४ आहेत. घालण्याच्या यादीत यांपैकी पहिलं कोण? ६०४. ७०५ ते ७०८ मध्ये ७०५, ७०६, ७०८. आधी घातलेलं ७०६. ट्रीकडे न बघता उत्तर मिळालं.

कारण असं. या पट्ट्यातली एकही किंमत आलेली नसते तोपर्यंत ट्रीतला कुठलाच नोड त्या पट्ट्याचे दोन भाग करत नाही, त्यामुळे पट्ट्यातल्या सगळ्यांची वाट एकच असते. पहिली किंमत येते, वाटेच्या टोकाला बसते, आणि पट्ट्यातल्या नंतरच्या सगळ्यांना तिच्यावरूनच जावं लागतं: लहान डावीकडे, मोठ्या उजवीकडे. फाटा तिथेच फुटतो.

चाचणी अशी लिहा. १ ते ७ आकड्यांचे सगळे क्रम घ्या, ते ५,०४० होतात. प्रत्येक क्रमाने ट्री बांधा. प्रत्येक ट्रीत २१ जोड्या, म्हणजे एकूण १,०५,८४० तपासण्या. साध्या लॅपटॉपलाही हे जड नाही. प्रत्येक जोडीसाठी कोडचं उत्तर आणि यादीतलं पट्ट्यामधलं पहिलं नाव ताडून बघा, आणि जोडी उलट क्रमानेही द्या. समान-चिन्हाची चूक आणि लहान-मोठी न ठरवण्याची चूक या जाळ्यातून निसटत नाहीत. नसलेल्या किमती, पुनरावृत्ती, रिकामा ट्री आणि एकाच नोडचा ट्री या चार चाचण्या मात्र वेगळ्या लिहाव्या लागतील.

याच पायावर उभी राहणारी कामं

मुलाखतीत मूळ प्रश्न झाला की पुढे बहुतेक यातलंच काहीतरी येतं.

दोन नोडमधलं अंतर: एलसीए काढा, तिथून दोघांपर्यंतच्या पायऱ्या मोजून बेरीज करा. ६०३ आणि ६१४साठी ६०४पासून दोन आणि दोन, एकूण चार.

दोनपेक्षा जास्त नोडचा एलसीए: सगळ्यांत लहान आणि सगळ्यांत मोठी किंमत घ्या, बाकीच्यांकडे बघायचीही गरज नाही. ६०५, ६०३, ६१४, ६१२ या चौघांसाठी ६०३ आणि ६१४ पुरेत, उत्तर ६०४.

प ते फ दरम्यानच्या सगळ्या किमती छापा: त्या सगळ्या एलसीएच्या खालीच असतात, म्हणून आधी तिथपर्यंत उतरा आणि मग दोन्ही बाजूंना शोध पसरवा.

नोडला वरचा पॉइंटर (आई-नोडकडे नेणारा दुवा) आहे, पण रूट दिलेला नाही: दोन्ही नोडची खोली मोजा, जो जास्त खोल आहे त्याला फरकाइतकं वर आणा, मग दोघांना एकेक पायरी बरोबरीने वर न्या. जिथे भेटतील तो एलसीए. इथे किमतींची तुलना लागतच नाही, त्यामुळे ही रीत साध्या बायनरी ट्रीलाही चालते आणि पुनरावृत्तीचा प्रश्नही उरत नाही. फक्त भेटले की नाही हे नोडच्या ओळखीवरून तपासा, किमतीवरून नको.

आणि फळ्याकडे वळण्याआधी समोरच्याला तीन गोष्टी विचारून घ्या: दोन्ही नोड ट्रीमध्ये असल्याची खात्री आहे का, किमती दोनदा येऊ शकतात का, आणि हातात किमती मिळणार की खुद्द नोड. पहिल्याचं उत्तर 'नाही' आलं तर खात्रीचा_एलसीए लिहा, दुसऱ्याचं 'हो' आलं तर जोडीची किल्ली मागा, आणि खुद्द नोडच मिळणार असतील तर त्यांना वरचा पॉइंटर आहे का तेही लगोलग विचारा.